शंभरातले चार

ग्रिम्सबीच्या मासळी कारखान्यात
मी हॅडक सोलते, पहाटे सहा ते दोन.
शंभराचे शहाण्णव कसे होतात
ते मला कुणी शिकवायला नको.
कातडी जाते, काटा जातो,
बर्फ वितळला की वजन गळतं,
आणि खोक्यावर आकडा मात्र अख्खा छापलेला.

सरकारचंही तसंच.
डॅरनच्या पगारातून आठवड्याला एकशेवीस कापतात,
कॅलमच्या नावानं माझ्याकडे शहाण्णव येतात.
मधले चोवीस ही वसुलीची मजुरी.
वीस त्याच्याकडून, चार माझ्याकडून.
पोराचा घास जोखायला तराजू आणला
आणि तराजूचं भाडंही
त्याच ताटातून उचललं.

फोनवरची बाई गोड बोलत होती.
मॉर्वेना नाव सांगितलं तिनं.
"तुम्ही दोघांनी आपसात ठरवलंत
तर एक पेनीही कापली जाणार नाही.
शुल्क ठेवलंय ते त्यासाठीच,
आईवडलांनी एकमेकांशी बोलावं म्हणून."
मी म्हटलं, बोललोय आम्ही, मॉर्वेना.
शेवटचं बोललो तेव्हा
स्वयंपाकघराच्या दाराची बिजागरी निखळली.
ती थांबली.
टाइप केल्याचा आवाज आला, बराच वेळ.
"नोंद घेतली आहे," म्हणाली.
"चार मात्र लागतील."

डॅरन हिशेबाला कच्चा नाही.
भर समुद्रात पवनचक्क्यांवर चढतो,
एकेक बोल्ट मोजून आवळतो.
माझ्या बहिणीकरवी त्यानं निरोप धाडला:
दर आठवड्याला चोवीस पौंड गटारात.
वर्षाचे बाराशे अट्ठेचाळीस.
तिला म्हणावं, हट्ट सोड,
मी स्वतः आणून देत जाईन.
मी कागदावर मांडून पाहिलं.
बरोबर होतं. बाराशे अट्ठेचाळीसच.

पण त्याचं आणून देणं मला ठाऊक आहे.
नोटा दोन बोटांत धरायचा,
मी टोक पकडलं तरी सोडायचा नाही.
आधी थँक्यू म्हण.
मग, आत ये म्हणायची पद्धत नाही का तुमच्यात?
मग, खुंटीवरचा तो कोट कुणाचा?

आता पैसे बुधवारी येतात,
त्यांना कुणाच्या बोटांचा वास नसतो.
हल सोडून हंबरच्या या काठाला आले,
त्याला माझी गल्ली माहीत नाही,
दाराचा रंग माहीत नाही,
खात्याच्या आकड्यांवरूनसुद्धा
गाव ओळखता येत नाही, तशी सोय करून घेतलीय.
चार पौंडांत एवढं सगळं.
स्वस्तच म्हणायचं.
म्हणतेही मी,
आणि पाळी संपल्यावर सुरी धुताना
हात आपोआप जोरात चालायला लागतो.
माझ्या भीतीवर अडत?
घर जळलं माझं,
आणि बंबाच्या पाण्याचं बिलही मलाच?

नोव्हेंबरात शाळेनं मुलांना सील दाखवायला नेलं,
डॉना नूकच्या वाळूवर.
बसचे चार पौंड, शुक्रवारपर्यंत,
खाली पालकाची सही.
मी चहाच्या डब्यातली चिल्लर मोजली
आणि एकटीच हसले.
बरणी, खिसे, कोटाचं अस्तर,
निघाले कसेबसे.

संध्याकाळी कॅलम आला, मोज्यांत वाळू घेऊन.
पिल्लं पांढरी असतात, सांगत होता,
आणि रडतात ती अगदी बाळांसारखी,
आणि माणसांनी जवळ जाऊ नये म्हणून
लांबच लांब कुंपण घातलंय,
आणि कुंपणाच्या खर्चासाठी एक डबा आहे,
त्यात त्यानं आपले वीस पेन्स टाकले.
"सगळेच टाकतात. बघायला येतात ते."

टोस्टचा तुकडा तोंडात तसाच ठेवून
जरा विचार केला त्यानं.
"सीलना नाही द्यावे लागत.
मी विचारलं."