दहावी लादी

पंधराशे रुपये दोनदा गेले.
एकदा वेंगुर्ल्याच्या बंदरावर, रेंज तुटली तेव्हा;
एकदा वर दीपगृहापाशी,
जिथे रेंज असते, आणि वाराही.

विद्यापीठाचं उत्तर एका ओळीचं:
अर्जाचे शुल्क कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.
खाली नाव नाही. नुसतं 'प्रवेश विभाग'.

मी लिहिलं, ही लूट आहे.
खोडलं.
लिहिलं, ग्राहक मंचात जाईन.
ते जरा जास्त वेळ ठेवलं, मग खोडलं.

शालन आत्या बर्फाच्या कारखान्यात
दहा लाद्यांचे पैसे भरते, टेम्पोत नऊ निघतात.
ती आवाज चढवत नाही.
म्हणते, "दाजीनू, मोजताना माजाच चुकला असात,
परत एकदा मोजूया?"
आणि टेम्पोमागे उभी राहते,
पायांशी पाणी साचेपर्यंत.

म्हणून तिसरं पत्र असं:
आदरणीय महोदय किंवा महोदया,
बटण माझ्याकडूनच दोनदा दाबलं गेलं असेल.
अर्ज मात्र एकच आहे.
सोबत बँकेचा उतारा, दोन्ही व्यवहार क्रमांक.
आपण एकदा मोजून पाहाल का?
आपली नम्र,
तन्वी गिरप,
एम.एस्सी., सागरी जीवशास्त्र.

'नम्र' टाइप करताना
मी टेम्पोमागेच उभी होते.

नवव्या दिवशी उत्तर आलं: तपासत आहोत.
खाली नाव होतं, विभावरी ठोसर.
पैसे अजून नाहीत.

आत्या सुरी धुता धुता म्हणाली,
"नाव इला मा? मगे काय तर.
आता दर सोमवारी इचार.
हसान इचार.
पण इचार."