शिरिंकेजची पट्टी

उद्यमनगरात मी पॅटर्न करतो.
म्हणजे लाकडाचा पंप, लाकडाची पुली.
फौंड्रीत ते वाळूत दाबतात, अलगद उपसतात,
पोकळीत लोखंड ओततात.
लोखंड गिऱ्हाइकाकडं जातं,
लाकूड रॅकवर, लाल रंग मारून, नंबर टाकून.
एकोणतीस वर्षांत माझ्या हातचं लाकूड
लाकूड म्हणून कुठं गेलं नाही.

म्हणून असेल. नसेलही.
शालननं विचारलं, गिटार कशाला, वाजवता येते का तुला?
मी म्हटलं, पंप तरी कुठं चालवतो मी.

ड्रॉइंग लक्ष्मीपुरीत मोठ्या कागदावर काढून आणलं,
देव्हाऱ्याखालच्या भिंतीला चिकटवलं.
ड्रॉइंग वाचणं मला नवं नाही.
पण ह्यात एका जागी मापच नव्हतं,
नुसतं लिहिलेलं:
टिचकी मारा, ऐका, बरं वाटेपर्यंत तासा.
रात्री साडेअकराला मी फळी कानाशी धरून टिचक्या मारतोय
आणि वरच्या मजल्यावरचा बाबालाल विचारतोय,
कोण आलंय रं?

वरची फळी मशीनच्या खोक्याची.
परदेशातनं लेथ आला, खोकं शेडमागं पडलेलं,
नखाएवढ्या जागेत अकरा रेषा, इतकी सावकाश वाढलेली.
आतल्या अंगाला काळा शिक्का तसाच ठेवला,
उलट्या छत्रीचा: पावसात नेऊ नका.
बाजू जुन्या पलंगाच्या शिसवीच्या.
पाइपात ब्लोलॅम्प पेटवून, ओली पट्टी त्यावर टेकवून
हळूहळू, हळूहळू, आता कंबर आली म्हणेपर्यंत
काड्कन.
बाबालाल जिन्यातनं म्हणाला, भावा,
मिरज पन्नास किलोमीटर. जाऊन सतार घेऊन ये की.

दुसरी वळली.
कडा चिकटवायला शालनचे सगळे चिमटे नेले,
दोन दिवस दोरीवरची धुणी मोकळी,
तिचा एक परकर पाटलांच्या टाकीवर सापडला.
त्याबद्दल अजून बोलणी बसतात.

पडदे मी बसवले, माझ्या पट्टीनं.
पूल ठेवायच्या दिवशी माझे दोन्ही हात फेविकॉलनं भरलेले,
म्हणून माप शालननं धरलं,
ब्लाउजच्या टेपनं, सहाशे पन्नास, बरोबर.

तारा चढवल्या.
मोकळी तार गोड.
बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं
तर सूर चढा, उसाच्या गाडीखाली सापडलेल्या कुत्र्यासारखा.
मी म्हटलं, तुझी टेप ताणलीय.
ती म्हणाली, माझा एक तरी ब्लाउज परत आलेला दाखव.

रात्रभर झोप नाही.
पहाटे पट्टी उचलली आणि तिच्या टेपेला लावली.
माझा मीटर तिच्या मीटरपेक्षा एक सेंटिमीटर लांब.

शिरिंकेजची पट्टी.
लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून आम्ही पॅटर्न शेकड्याला एक मोठा करतो.
घरात दुसरी पट्टी कधी लागलीच नाही.
कपाट, पाळणा, पोरीच्या शाळेचा किल्ला,
सगळं मी शेकड्याला एक वाढीव केलं,
आणि आकसायची वाट बघत राहिलो.

पडदे सगळे एकाच चुकीनं चुकलेले,
म्हणजे आपापसात बरोबर.
फक्त पूल खरा होता. तोच हलवायचा.
तव्यावर तापवलेला पातळ सुरा खाली सरकवत
पाऊण तासात तो सुटला, फळीचे दोन टवके घेऊन.
साडेसहा मिलिमीटर मागं.

आता जिथं तो आधी होता
तिथं साडेसहा मिलिमीटरचा फिकट पट्टा दिसतो.
पॉलिश मारून झाकता आला असता.
बाबालाल म्हणतो, झाक की, लोक विचारतील.

मला अजून वाजवता येत नाही.
कामावरनं आल्यावर बाराव्या पडद्यावर बोट ठेवतो,
मग उचलतो.
शालन आतनं मशीन थांबवते,
दोन्ही ऐकते,
आणि पुन्हा पाय मारते.