कळावे

छोटाउदेपूरहून रामसिंग राठवाचा फोन.
दवाखान्यातला कंपाउंडर, आवाज शांत, म्हणून जास्त लागणारा:
"बेन, पहिलं पान आलं. दुसरं कोरं."

नाव, वय, गाव, रक्त घेतल्याची वेळ,
सगळं पहिल्या पानावर.
निकाल दुसऱ्या.

इथे दांडिया बाजारात माझ्या टेबलावर
तोच रिपोर्ट दहा वेळा उघडला, दहाही वेळा अख्खा.
मॉड्यूल मीच लिहिलेलं, सर्व्हरच्या पोटात बसवलेलं,
लॅबकडून घ्यायचं, मागेल त्याला द्यायचं, एवढंच त्याचं काम.
लॉग म्हणतो: पाठवलं.
लॉग खोटं बोलत नाही,
फक्त कमी बोलतो.

मग लाइन मुद्दाम बारीक केली,
नळ आवळत आवळत थेंबावर आणावा तशी,
तेव्हा रात्री साडेअकराला माझ्याही पडद्यावर
दुसरं पान कोरं.
कोऱ्या पानाचा एवढा आनंद
आयुष्यात पहिल्यांदा.

झालं होतं ते असं:
मी चौसष्ट हजार बाइट पुढे केले.
सॉकेटने चौदा हजार घेतले
आणि रेशनवाल्या मगनभाईसारखं, मान वर न करता,
"हमणां नहीं, पछी आवजो."
मी त्यातलं "हो" तेवढं ऐकलं.
उरलेले पन्नास हजार तसेच हातात,
आणि मी बफर मोकळा करून टाकला.
पाहुणा जेवतोय, पहिला भात नुकता संपलाय,
आणि मी पान उचललं.

दुरुस्ती लहानशी.
किती गेलं ते मोजायचं. उरलेलं सांभाळायचं.
दार उघडेल तेव्हा परत जायचं, न रागावता,
शेवटचा बाइट जाईस्तोवर जागा सोडायची नाही.
आणि सगळ्यात शेवटी शून्य लांबीचा एक तुकडा.
आत काहीच नाही त्याच्या,
पण तो गेला नाही
तर पलीकडचा वाट बघत बसतो.

अप्पा रावपुऱ्याच्या पोस्टात
रजिस्ट्रीच्या खिडकीवर एकोणतीस वर्षं.
घरी आलेल्या पत्रात खाली "कळावे" नसलं
तर म्हणायचे, एखादं पान राहिलंय पाकिटात, बघ.
कुणा परक्याची पोचपावती परत आली नाही
तर जेवताना गप्प असायचे.
आई म्हणायची, अहो, पेटीत पडलं ना?
"पेटीत पडलं म्हणजे पेटीत पडलं,"
अप्पा म्हणायचे, आणि ताक मागायचे.

पहाटे चारला नवं मॉड्यूल चढवलं.
सव्वानऊला रामसिंग.
"बेन, दुसरं पान आलं."

मागे कुणाचं तरी मूल, खुर्ची सरकल्याचा आवाज.
त्यात काय लिहिलंय ते तो बोलला नाही.
मी लॉगची शेवटची ओळ बघत होते,
शून्य गेलेलं होतं.
फोन त्यानेच ठेवला,
जरा वेळाने.