गुरुवारी गिरणी बंद

कर्वेनगरात एका पिठाच्या गिरणीवर
नसीम तांबोळीची खोली आहे.
जिन्याला कठडा एकाच बाजूला, चढताना डावीकडे.
माझा दुखरा पाय उजवा.
म्हणजे चढताना निभतं,
उतरताना देवाचं नाव.

रविवारी एकवीस किलोमीटर धावले.
एकवीस पूर्णांक एक, म्हणतात आमच्या ग्रुपात,
ते शंभर मीटर कुणी सोडत नाही.
मी अकाउंट्स शिकवते. मीही नाही सोडत.
मेडल मुलाने कुत्र्याच्या गळ्यात घातलं.
सोमवारी फळ्याच्या खालच्या ओळींपर्यंत वाकवेना,
ताळेबंद वरच्या अर्ध्यातच जुळवला.
बुधवारपर्यंत बाकी सगळं निवळलं,
पोटरीत एक गाठ राहिली, सुपारीएवढी.

तीन वर्षं येते मी इथे.
तोंड टेबलाच्या भोकात.
खालची घरघर टेबलाच्या पायांतून बरगड्यांत शिरते,
तेलाला वास तिळाचा, हवेला ज्वारीचा.
दिसतात फक्त नसीमची अनवाणी पावलं
आणि डाव्या घोट्यावरचा एक पांढरा वण,
ज्याबद्दल मी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी विचारलं होतं,
लॅक्टिक ॲसिड सगळं निघेल ना?
ते तुम्ही घरी पोचायच्या आतच गेलं, मॅडम,
माझ्यासाठी कोण थांबतंय.
मग तुम्ही काढता काय?
काढत काहीच नाही.
पायाला सांगते, धावणं संपलं.
त्याला कळायला वेळ लागतो.

या गुरुवारी वीज गेली.
गिरणी आधी दमली, मग रेंगाळली, मग थांबली.
कुणाचं तरी दळण अर्धंच राहिलं असणार.
इतकी शांतता, की आधी
माझंच विव्हळणं मला ऐकू आलं,
आणि लाज वाटून मी गप्प झाले,
तेव्हा ते ऐकलं.

कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी
ओठांतल्या ओठांत, अगदी बारीक,
आणि त्याच दमावर तिचा अंगठा
टाचेपासून वर, वर, गाठीपर्यंत.
तिथे दाबून उभा.
दम संपायच्या आत मागे.
नवा श्वास. नवी चढाई.

तीन वर्षं हे चाललं होतं
आणि गिरणीने मला ऐकू दिलं नव्हतं.

मी काही बोलले नाही.
दम घुमवणाऱ्याला मध्येच कुणी हाक मारतं का?
मध्यरेषा माझ्या घोट्याशी होती.
पलीकडे माझा संघ साखळी धरून उभा:
चांदणी चौकाचा चढ, सेलमधले बूट,
सतराव्या किलोमीटरला मागून आलेली
ती पासष्टीची बाई, जिला मी पुढे जाऊ दिलं नाही.
अंगठ्याने निदानरेषा ओलांडली.
मी उशीचं टोक चावलं.

गाठ सुटली असं नाही म्हणणार.
एखादा गडी बाद झाला असेल.

किती वर्षं खेळलात?
बोटं थांबली.
शिरूरकडून. दोन वर्षं. मग हा घोटा.
थोड्या वेळाने म्हणाली,
बर्फ शोधला गावभर. वीज नव्हती.
तेव्हाही गुरुवारच.
आणि हसली, तिची पावलंसुद्धा हसली,
मला तेवढीच दिसत होती.

वीज आली. गिरणीने सगळं झाकलं.
टॉवेल देताना म्हणाली,
शनिवारपर्यंत चाला, पळू नका. रविवारी विचारा.
तुम्हाला?
पोटरीला.

उतरताना कठडा उजवीकडे,
दुखऱ्या पायाच्याच बाजूला, जसा नेहमी.
मी एक दम घेतला आणि सुरू केलं,
कबड्डी कबड्डी, अकरा पायऱ्या.
आठवीवरच संपला.
गिरणीवाल्याने भुवया वर केल्या,
पिठाने पांढऱ्या.
विचारलं काहीच नाही.