दोन बोटं

नमुना पाठ वीस मिनिटं, क्लार्क फोनवर म्हणाला.
इयत्ता नववी. उत्प्लावक बल.
खडू आम्ही देऊ, बाकी साहित्य तुमचं.
आणि मूळ कागदपत्रं, आणि दोन-दोन झेरॉक्स.

झेरॉक्स आचऱ्याला काढल्या.
दुकानदाराने बी.एड.चं वर्ष वाचलं,
माझ्याकडे बघितलं,
सुटे पैसे मागितले.

तेव्हापासून एकाच प्रश्नाची तयारी चाललीय:
मधली नऊ वर्षं काय केलंत?
उत्तराचे तीन खर्डे झाले.
पहिल्यात मुलगा आहे, आणि सासूबाईंचं डायलिसिस,
त्या होत्या तोवर आठवड्यातून दोनदा एसटीने ओरोस.
तो खोडला. दया मागितल्यासारखा वाटतो.
दुसऱ्यात नुसतं "कौटुंबिक जबाबदाऱ्या".
हे तर सगळ्याच लिहीत असणार.
तिसरा खरा आहे, पण तो टेबलापलीकडच्यांना सांगायचा कसा,
की रापणीच्या वहीत वाटे मी मांडले,
एकेचाळीस घरांचे, जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा,
आणि माझ्या बेरजेवरून
किनाऱ्यावर एकदाही भांडण झालं नाही.
बाकी कशावरूनही झालं.

रात्री भांडी आवरून पाठ घेतला.
फळा म्हणजे पडवीच्या दाराची आतली बाजू.
वर्ग म्हणजे मुलगा, शेजारची दोन पोरं,
आणि बाकड्यावर जाळं सांधत बसलेले भाऊ,
माझे सासरे. शाळा चौथीपर्यंत,
मग चाळीस वर्षं दर्यावर.
दोन ग्लास, एकात मीठ. अंडं एकच.
साध्या पाण्यात बुडालं, खाऱ्यात वर आलं.
पोरं म्हणाली, परत, परत.
व्याख्या सांगितली, सूत्र लिहिलं,
घड्याळ बघितलं, सतरा मिनिटं.
"कुणाला काही शंका?"
शेवटी हे विचारावं, असं शिकवलंय आम्हाला. हसून.

भाऊंची सुई थांबली.
"गो बाय, एक इचारू?
भरलेली होडी दर्यातसून खाडयेत इली
काय दोन बोटां खाली बसता.
म्हावरां तेवढांच, माणसां तेवढीच.
कित्याक, तां सांग."

मी सूत्राकडे बघितलं.
सूत्र माझ्याकडे बघेना.
म्हटलं, खरंच बसते?
ते काही बोलले नाहीत,
जाळ्याचं पुढचं भोक शोधू लागले.

दोन वाजता जाग आली.
ग्लास खिडकीत तसेच.
आमच्या तळाशीलची रुंदी ती केवढी,
मागल्या दारी दर्या, पुढल्या दारी खाडी,
गणपती नुकतेच गेलेले, नदी अजून भरलेली,
खाडीचं पाणी जिभेवर अर्धं गोडं.
नऊ वर्षं मी दोन ग्लासांच्या मधे झोपतेय
आणि मीठ मोजून घालतेय चमच्याने.
भाऊंना उठवायला गेले.
ते घोरत होते, तोंड उघडं, बोटांत सुतळीचा तुकडा.
राहू दिलं.

सोमवारी भाऊ तरीपर्यंत आले.
पदराला चार पिना,
डब्यात रुमालात गुंडाळलेली अंडी दोन,
एक फुटलंच तर.
चालता चालता सांगितलं,
खाडीचं पाणी गोडं, म्हणून हलकं,
तेवढंच वजन पेलायला होडीला जास्त पाणी सारावं लागतं.
त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाले,
"असां व्हय.
माका आपलां वाटलां,
घराकडे येताना होडी दमता."

तर सुटली. मी काठावरून हात सोडून
पाण्यापासून फळीपर्यंत बोटं लावून बघत होते,
बाही मनगटापर्यंत भिजली.
इस्त्री गेली.
मधल्या नऊ वर्षांचं अजून ठरलेलं नव्हतं.

तरवाल्याने इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं,
"खंय चललंस गो, इतकी नटान?"
"शाळेत," मी म्हटलं.
ह्याचा खर्डा केला नव्हता.