चुन्याची खूण

भामरे वकिलांची अँबॅसडर
धुळ्याच्या दोन गॅरेजांनी पाहून सोडलेली.
एक म्हणाला, पेट्रोलात भेसळ.
दुसऱ्यानं सरळ हेड उतरवायला सांगितलं, आठ हजार.
वकील म्हणाले, "सपाटीवर गाय शे,
घाट लागना का दात वाजाडस."

युनूस मिस्तरींनी लगेच बॉनेट उघडलं नाही.
आधी विचारलं, कितव्या वळणापासून?
थंड असताना की तापल्यावर?
सकाळी स्टार्टर मारला की उलटा झटका देते का?
वकिलांना सवय प्रश्न विचारायची,
उत्तरं देताना अडखळत होते.

चाळीसगाव, कन्नड रोड, मे महिन्याची दुपार.
उन्हात राहिलेला पाना
पाण्यात बुडवून मगच हातात घ्यायचा.
मी प्लग काढले. चारही पांढरे पडलेले,
वर मिरपुडीसारखे बारीक काळे ठिपके.
"वाजतो कसा?" मिस्तरींनी हळूच विचारलं.
मी पत्र्याच्या डब्यात चार खिळे हलवून दाखवले.
ते माझ्या हाताकडे बघत राहिले, डब्याकडे नाही.

(तीन वर्षं झाली,
मिस्तरींना बारीक आवाज ऐकू येत नाहीत.
जाड आवाज ते लांब स्क्रू-ड्रायव्हर
दातात धरून ऐकतात, दुसरं टोक इंजिनाला.
गिऱ्हाइकाला वाटतं, ही जुनी पद्धत.)

पॉइंट घासला, गॅप लावला,
पंधराचं पातं अडकत अडकत सरकेल इतका.
कंडेन्सर बदलून पाहिला. तसंच.
पुलीवरची खाच तेलमातीनं बुजलेली.
मिस्तरींनी खिशातून चुन्याची डबी काढली,
नखभर चुना खाचेत भरला,
बोटाला उरला तो तंबाखूत.

उन्हात टायमिंग लाइट दिसत नाही.
म्हणून बॉनेटवरून गोधडी टाकली
आणि आम्ही दोघं आत.
"वेणी खोच. फॅन ओळख ठेवत नाही."
दिवा लुकलुकायला लागला
आणि मिनिटाला आठशे गिरक्या घेणारी पुली
जागच्या जागी उभी राहिली.
मला माहीत असतं ती थांबलेली नाही.
तरी दर वेळी बोट पुढे जायला बघतं.

खूण काट्यासमोर. केसभरही फरक नाही.
"मिस्तरी, टायमिंग तर बरोबर आहे!"
"उभी असताना सगळेच बरोबर असतात. रेस दे."
मी दोन बोटांनी तार ओढली.
खूण सावकाश सरकायला हवी, वेग वाढेल तशी.
ही सुटलीच,
शाळेची घंटा व्हायच्या आत
दप्तर उचलून पळालेल्या पोरासारखी.

डिस्ट्रिब्यूटर खोलला.
प्लेटखाली दोन वजनं, त्यांना आवरायला दोन स्प्रिंगा.
एक होती.
दुसरीचा नुसता आकडा.
चिमणीच्या नखाएवढा तुकडा तळाशी, ग्रीसमध्ये.
वकील वाकून म्हणाले, "एवढीशी?"
आणि आठ हजारांचं काही बोलले नाहीत.

नांदगावच्या एका भंगार टॅक्सीतली जोडी
बिस्किटाच्या डब्यात निघाली.
बसवली. पुन्हा गोधडी, पुन्हा दिवा.
आता खूण पायरी पायरीनं चढत गेली.

संध्याकाळी घाटात.
मिस्तरी स्टिअरिंगवर, मी शेजारी, वकील मागे.
ठरलं होतं, वाजलं की मी त्यांच्या गुडघ्याला हात लावायचा.
चौथं वळण. मुद्दाम टॉप गिअर, पॅडल तळाला.
काच खाली. कडे अंगावर आलेला,
समोरून उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक,
मागे वकिलांच्या फायलींची फडफड.
मी हे सगळं एकेक करून बाजूला सारत होते,
खिळ्यांचा तो डबा शोधत होते.

मिस्तरींनी रस्त्यावरून नजर काढून
एकदा माझ्याकडे पाहिलं.

माझा हात माझ्याच मांडीवर होता.
सहावं वळण येईपर्यंत
मी तो तिथेच ठेवला.