अढी

ऑक्टोबरचे तेराशे नव्वद,
डिसेंबरचे बाराशे सत्तर.
हवे ते पाठवा, म्हणतं कॉलेज.

बाबा तुर्भ्याच्या फळबाजारात पेट्या भरतात,
वर नेहमी बिनडागाचा थर.
मला मात्र म्हणाले,
"दोन्ही दे, प्रांजल.
जाणतं गिऱ्हाईक खाली हात घालतंच."

डिसेंबरच्या पेपरच्या आदल्या रात्री
आमच्या घणसोलीच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद.
आजोबांना खुर्चीसकट
चार मजले उतरवलं आम्ही.
सकाळी माउसवर बोटं
अजून खुर्चीचाच पाय धरून.
त्याला रकाना नाही.

मी ऑक्टोबरवर टिचकी मारली.
डिसेंबर ठेवलाय अढीत.
मनातल्या नव्हे,
गवतातल्या.
पिकेल तेव्हा
पहिली फोड बाबांना.